विषय : वाहन मिळणेबाबत

जुनी वस्तू टाकून देण्यास लागणारे मनोधैर्य मराठी मध्यमवर्गाच्या ठायी मुळातच बेताचे, आणि त्यातून ती वस्तू विजेवर चालणारी असली म्हणजे तिच्याविषयी एक प्रकारचा धाकयुक्त आदर जन्मभर मनात वसत असल्यामुळे, पुण्याच्या पेठांतील कोणत्याही जुन्या घराचा माळा उघडला तर तेथे गेल्या साठ-सत्तर वर्षांचा विद्युत्-इतिहास कालानुक्रमे रचून ठेवलेला सापडतो. सर्वांत तळाशी, ज्याचा परवाना मुदत संपताच टपालकचेरीत जाऊन नवा करून आणावा लागे तो लाकडी पेटीतला रेडिओ. त्याच्यावर, १९८२ सालच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास देशात रंगीत चित्रे दिसू लागल्यानंतर केव्हातरी हप्त्यांनी घेतलेला, आणि १९८७ साली रामायण मालिका सुरू होताच दर रविवारी सकाळी शेजारच्या बिऱ्हाडांना आपल्या दिवाणखान्यात वहिवाटीचा हक्क मिळवून देणारा दूरचित्रवाणी संच. त्याच्यावर लग्नात आहेर म्हणून आलेला टेपरेकॉर्डर, मग पेजर, मग प्रत्येकाचे चार्जर निराळ्या तोंडाचे असलेले मोबाइल. आणि सर्वांच्या वर, चिरंजीव अभियांत्रिकी महाविद्यालयात असताना घेतलेला व चिरंजीव अमेरिकेस गेल्यावर पोरका झालेला संगणक, कपाळी खंडेनवमीचे हळदकुंकू धारण करून बसलेला असतो. या सर्व वस्तूंबद्दल गृहस्वामींचे म्हणणे एकच असते : ‘चालू आहे हं. फक्त थोडं बघायला पाहिजे.’

हे ‘थोडे बघण्या’साठी आमची संस्था स्थापन झाली. दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता, तंत्रनिकेतनातील एक माजी अधिव्याख्याते, तापकीर गल्लीत उमेदीची सारी वर्षे रेडिओ दुरुस्त करण्यात घालविलेले एक कारागीर, आणि सोल्डरिंग गन कोणत्या बाजूने धरावी हे ठाऊक नसले तरी पत्रव्यवहाराची दांडगी हौस असलेला प्रस्तुत लेखक, अशा मंडळींनी ती काढली. लोकांकडील जुने संगणक आणावेत, त्यांच्या हार्ड डिस्कवरील मजकूर परत वाचता येणार नाही अशा रीतीने पुसून टाकावा, दोन मृत संगणकांतून एक जिवंत उभा करावा आणि तो मुळशी-भोरकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत नेऊन बसवावा, एवढाच तिचा उद्देश. महाराष्ट्रात अशा संस्थेस १८६०च्या कायद्याखाली संस्था म्हणून आणि १९५०च्या कायद्याखाली सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था म्हणून, असे दोनदा जन्मास यावे लागते. म्हणजे मुंजीचा खर्च न करता तिला द्विजत्व प्राप्त होते. हे सर्व संस्कार आमच्याकडून यथासांग झाले. घटना झाली, शिक्का झाला, लेटरहेड झाले.

दुरुस्तीही आम्हांस कधी जड गेली नाही. जड गेले ते सामान. संगणक हा पदार्थच असा विलक्षण आहे की टेबलावर असेपर्यंत तो यंत्र असतो आणि इतर सामानाखाली दडपून रस्त्यास लागला की घटकाभरात भंगार होतो. सपाट पडद्याच्या कोपऱ्याला केसाएवढी चीर गेली की पडदा गेला. लॅपटॉपची बिजागरी मोडली की हुबेहूब त्याच जातीचा दुसरा लॅपटॉप कोणाकडे निवर्तेपर्यंत वाट पाहणे आले. पावसाचे पाणी आत शिरले की जो मदरबोर्ड सकाळपर्यंत सातवीच्या एखाद्या वर्गाला भूगोल शिकवू शकला असता तो संध्याकाळी किलोच्या भावाने मोजला जातो. पुनर्वापर कोठे संपतो आणि भंगार कोठे सुरू होते याची सीमारेषा सरकारी नियमावलीत कोणत्याही कलमाने आखलेली असो, प्रत्यक्षात ती देणाऱ्याचे घर आणि आमची कामाची खोली यांच्यामधल्या खड्ड्यांत असते.

तूर्त आम्ही भाड्याचा टेम्पो बोलावतो. त्याचे चालक अत्यंत सज्जन गृहस्थ आहेत. परंतु गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून पहाटेचा कांदा ठिकठिकाणी पोचता केल्यावाचून ते आमच्याकडे येऊ शकत नाहीत, आणि हौदा कितीही झाडून घेतला तरी कांद्याची टरफले संगणकाच्या पंख्याची जाळी शोधून काढून आत प्रवेश करतातच. मुळशी तालुक्यातील एका शाळेत आम्ही मोठ्या समारंभाने संगणक सुरू केला, तो दहा-पंधरा मिनिटांत चांगला तापला, आणि वर्गभर असा काही दरवळ सुटला की मुख्याध्यापकांनी हलकेच विचारले, ‘सर, हे कॉम्प्युटर शेतकी खात्याकडनं मिळालेत का?’ शिवाय भाड्याचा हिशेब निराळाच. ज्या संगणकाचे भंगारात जेमतेम काहीशे रुपये येतील तो एका टोकाच्या उपनगरातून आणावयास त्याहून अधिक भाडे पडते, त्यामुळे जितके लोक अधिक उदार होतील तितकी संस्था अधिक कंगाल होते. खजिनदारांच्या मते आमच्या संस्थेवर आलेले सर्वांत मोठे आर्थिक संकट म्हणजे एका वर्तमानपत्राने आमच्याविषयी छापलेले चार चांगले शब्द.

तेव्हा संस्थेच्या मालकीचे एक लहानसे मालवाहू वाहन असावे असा ठराव कार्यकारी मंडळाने एकमताने संमत केला. वाहनाची निवडही अविवाद्य होती. २००५ साली टाटांनी बाजारात आणलेली आणि गल्लीबोळांत शिरण्याच्या कौशल्यामुळे ‘छोटा हत्ती’ या नावाने लोकप्रिय झालेली गाडी पाऊण टनाच्या आसपास माल नेते; भारासह तिचे एकंदर वजन तीन हजार किलोच्या आत असल्यामुळे मोटार वाहन कायद्याप्रमाणे तिला मालवाहतुकीचा परवाना काढावा लागत नाही; आणि हलक्या वाहनाचा साधा परवाना असलेला इसम ती चालवू शकतो. म्हणजे सरकारने आपल्या बाजूने सर्व अडथळे दूर करून ठेवले होते. राहता राहिला तो पैशाचा.

पैशाचा विषय निघताच खजिनदारांनी टोकियोचे उदाहरण दिले. तेथील ऑलिंपिक व पॅरालिंपिक क्रीडास्पर्धांची सर्व पदके, सुमारे ५ हजार, जपानी नागरिकांनी दिलेल्या जुन्या उपकरणांतून काढलेल्या धातूंची होती, हे त्यांनी कोठेतरी वाचले होते आणि ते खरेही आहे. एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ या काळात जपानने ७८,९८५ टन लहान उपकरणे गोळा केली, त्यांखेरीज ६२ लाखांहून अधिक मोबाइल, आणि त्यांतून ३२ किलो सोने निघाले. ‘आपल्याही माळ्यांवर सोनंच पडलंय, सोनं,’ असे म्हणून खजिनदारांनी चष्मा पुसला. तेव्हा आमच्या माजी अधिव्याख्यात्यांनी, सवयीने खिशातला खडू चाचपून, मंडळासमोर त्रैराशिक मांडले. ७८,९८५ टनांत ३२ किलो, तर पाऊण टनाच्या एका खेपेत किती? उत्तर आले सुमारे अडीच गुंजा. निवडक मोबाइलच आणले तर प्रमाण पुष्कळ वाढते हे खरे. परंतु लोक आम्हांस मोबाइल देत नाहीत, मिक्सर देतात. त्यातही जपानात ते सोने गोळा झाले याचे कारण जपान्यांच्या घरी अधिक सोने होते हे नसून, २०१३पासूनच तेथे लहान उपकरणे गोळा करण्याचा कायदा अमलात होता, नगरपालिकांच्या पेट्या होत्या, मोबाइलच्या दुकानांतून ते परत घेण्याची तजवीज होती, हे आहे. थोडक्यात, पदकांच्या आधी वाहतूक होती. खजिनदारांनी हे ऐकून घेतले, पण त्या दिवसापासून ते प्रत्येक मदरबोर्ड उजेडाकडे धरून पाहतात.

सोन्याचा नाद आमच्याकडे नाही असेही नाही. दिल्लीच्या सीलमपूर वस्तीत आणि इतरत्र, विजेच्या तारा उघड्यावर जाळून तांबे आणि मदरबोर्ड आम्लात बुडवून सोने काढण्याचा उद्योग वर्षानुवर्षे चालत आलेला आहे. त्या धुरात आणि त्या वाफांत जी माणसे काम करतात त्यांच्या फुप्फुसांचा जमाखर्च कोणाच्याही ताळेबंदात येत नाही. जुन्या फुगीर पडद्यांच्या काचेत शिसे असते, लॅपटॉपच्या बॅटऱ्या दाबल्या गेल्या तर पेट घेतात. म्हणून सरकारने २०११ साली ई-कचऱ्याचे नियम केले, ते बाहेर टाकून २०१६ साली नवे केले, आणि तेही बाहेर टाकून २०२२ साली आणखी नवे केले, जे १ एप्रिल २०२३पासून अमलात आहेत. नियमांच्या बाबतीत सरकारचे धोरण पुनर्वापराचे नाही हे यावरून उघड आहे. पूर्वी २१ प्रकारच्या वस्तू या नियमांखाली येत, त्या आता १०६ झाल्या. उत्पादकाने जितका माल विकला त्याच्या प्रमाणात जुना माल मार्गी लावल्याचे प्रमाणपत्र दाखवावे, आणि वस्तू मोडण्याऐवजी दुरुस्त करून पुन्हा वापरात आणली तर त्याची ती जबाबदारी तेवढ्यापुरती पुढे ढकलली जावी, अशी त्यांत सोय आहे. यूपीएसमधील बॅटरीला मात्र २०२२चेच दुसरे, बॅटऱ्यांचे स्वतंत्र नियम लागू होतात. सबब एकाच खोक्यातील डबा एका अधिसूचनेखाली आणि त्याचे काळीज दुसऱ्या अधिसूचनेखाली प्रवास करते. इतके सर्व नियम अभ्यासल्यावर असे दिसून आले की, त्यांत संकलन आहे, साठवण आहे, नोंदणी आहे, अहवाल आहे. वस्तू उचलून जिन्यावरून खाली आणावयाची आणि गाडीत ठेवावयाची, ती गाडी कोणी घ्यावयाची हे मात्र कोठेच नाही.

मग अर्ज सुरू झाले. मराठी अर्जाचा मायना ठरलेला असतो : विषय, संदर्भ, महोदय. आमच्या विषयाच्या ओळीत ‘वाहन मिळणेबाबत’ असे असे, आणि संदर्भाच्या ओळीत काय लिहावे हे न सुचल्यामुळे अध्यक्षांनी ‘आपली दानशूर वृत्ती’ असे घालावयास सुचविले. ज्या व्यापारी गृहस्थांना पहिला अर्ज रुजू केला त्यांनी तो संपूर्ण वाचला, डोळ्यांत पाणी आणले, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या पेढीतील सर्व जुने संगणक, दोन बंद पडलेली झेरॉक्स यंत्रे आणि एक वातानुकूलन यंत्र आमच्या दारात आणून टाकले; शिवाय त्यांच्या किमतीची ८०-जीखालची पावती मागितली. करसवलत रोख अथवा धनादेशाने दिलेल्या रकमेवर मिळते, वस्तूंवर मिळत नाही, आणि रोख रक्कम असेल तर ती २ हजारांपुरतीच, हे त्यांस समजावून सांगावे लागले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत दुसऱ्यांदा पाणी आले.

बँकेचे कर्ज काढावे ही सूचना अधिक व्यवहार्य होती. परंतु १९५०च्या कायद्याप्रमाणे विश्वस्तांना धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीवाचून संस्थेसाठी कर्ज काढता येत नाही. हा निर्बंध योग्यच आहे, कारण तो नसता तर आमच्या अध्यक्षांनी हत्ती छोटा घेतला नसता. मग कोणीतरी खासदार निधीचे नाव काढले. प्रत्येक खासदारास दरसाल ५ कोटी रुपयांपर्यंतची कामे सुचविण्याचा अधिकार असतो, हे ऐकून मंडळाच्या सभेत उत्साहाचे वारे शिरले. परंतु चौकशीअंती कळले की वाहनांच्या बाबतीत त्या निधीचे हृदय रुग्णवाहिका आणि शववाहिका पाहून द्रवते, भंगाराचा टेम्पो पाहून द्रवत नाही.

‘मग शववाहिकाच मागू या,’ आमचे रेडिओवाले कारागीर म्हणाले. ‘मेलेलेच तर आणायचे आहेत.’

‘कार्यवाह, असलं काही इतिवृत्तात घेऊ नका,’ अध्यक्ष म्हणाले. ‘मेलेले म्हणून लिहिलं तर शाळा घेणार नाहीत.’

‘तर मग रुग्णवाहिका मागा. दवाखान्यातच आणतोय आपण.’

ही सूचना तात्त्विक दृष्ट्या बिनतोड असल्यामुळे ती पुढील सभेपर्यंत तहकूब ठेवण्यात आली.

याच सुमारास एका हितचिंतकांनी आपला जुना टेम्पो संस्थेस विनामूल्य देऊ केला. त्यांचे पत्र वाचून मंडळातील अनुभवी सभासदांच्या चेहऱ्यावर जी छाया पसरली तिचे कारण पत्राच्या शेवटच्या ओळीत होते : ‘चालू आहे. फक्त थोडे बघावे लागेल.’ तरीही आम्ही पाहावयास गेलो. गाडी परसात उभी होती. हौद्यात मांजरीने पिले घातली होती आणि ती डोळे उघडून हिंडू-फिरू लागेपर्यंत गाडी हलवू देणार नाही असे घरच्या आजींनी स्पष्ट बजावले. मालवाहू वाहनास पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरसाल योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. या वाहनाने शेवटचा दाखला केव्हा घेतला होता हे विचारता हितचिंतकांनी आभाळाकडे पाहिले. जुन्या वस्तू पुन्हा वापरात आणणाऱ्या संस्थेने जुने वाहन नाकारणे तत्त्वास सोडून आहे असा त्यांचा रोख होता, आणि त्यास उत्तर देणे आम्हांस खरोखरच अवघड गेले. अखेर आजींनी आमची सुटका केली. ‘पिल्लं मोठी होऊ देत, मग बघा,’ त्या म्हणाल्या.

आता खऱ्या धनकोषाकडे वळतो. २०१३च्या कंपनी कायद्याच्या १३५व्या कलमान्वये मोठ्या कंपन्यांनी आपल्या मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक दायित्वासाठी खर्च करावी असे बंधन १ एप्रिल २०१४पासून आले, आणि तेव्हापासून आपल्या देशात दानधर्म ही हृदयाची बाब न राहता एका विभागाची बाब झाली. या विभागातील अधिकारी बहुधा तरुण, हसतमुख, सुस्वभावी आणि मराठीच्या प्रत्येक वाक्यात एखादे क्रियापद तरी मराठी ठेवणारे असतात. ज्या ताईंसमोर आमचे शिष्टमंडळ बसले त्यांनी आमच्या कामाचे चित्रफलक लक्षपूर्वक पाहिले.

‘काका, वर्क खूपच इन्स्पायरिंग आहे. पण वेहिकल ही तुमची अॅक्टिव्हिटी आहे की आउटपुट?’

‘ते वाहन आहे, ताई,’ अध्यक्ष म्हणाले.

‘ओके. आणि त्याचा इम्पॅक्ट काय असेल?’

‘इम्पॅक्ट होऊ नये म्हणूनच तर गाडी हवीय,’ खजिनदार कळवळून उद्गारले. ‘सगळे स्क्रीन फुटतात हो!’

ताईंनी हे लिहून घेतले. पुढे त्यांनी विचारले की कंपनी तीन वर्षांनी या प्रकल्पातून बाहेर पडेल तेव्हा टेम्पो स्वावलंबी कसा होईल. या प्रश्नावर आमचे निवृत्त अभियंता बराच वेळ विचारमग्न झाले. स्वतःच्या पायावर उभा राहणे हा टेम्पोचा मूळ गुण असून चालण्यासाठी मात्र त्यास डिझेल लागते, असे उत्तर त्यांनी शेवटी दिले. त्यावर निष्पन्न झाले ते असे की डिझेलसाठी पैसे देण्याची त्या कंपनीत पद्धत नाही. ती केवळ भांडवली वस्तू देते. उलट, दुसऱ्या एका प्रतिष्ठानाचा दंडक असा की भांडवली वस्तूस पैसा द्यावयाचा नाही, केवळ चालू खर्चास द्यावयाचा; आणि पहिल्याने दुसऱ्याचे मंजुरीपत्र आधी आणावयास सांगितले, दुसऱ्याने पहिल्याचे. २०२१च्या दुरुस्तीनंतर अशा पैशातून घेतलेली मालमत्ता कंपनीस स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही, ती नोंदणीकृत संस्थेसारख्या दुसऱ्या कोणाच्या तरी नावे करावी लागते. तेव्हा मालकी आमची, नाव त्यांचे, आणि ते कोणत्या आकारात रंगवावयाचे यावर जो पत्रव्यवहार झाला तो वाहनाच्या किमतीवरील पत्रव्यवहाराहून मोठा आहे. तिसऱ्या एका देणगीदारांचा आग्रह असा पडला की ई-कचऱ्यासाठी गाडीही विजेचीच असावी. कल्पना उदात्त होती; परंतु ती रात्रभर भारित करण्यासाठी आमच्या सोसायटीच्या सामाईक मीटरला तार जोडू द्यावी काय, या प्रश्नावर सोसायटीची जी विशेष सर्वसाधारण सभा झाली तिचे वर्णन मी करणार नाही. त्या सभेनंतर आमच्या दोन सभासदांनी परस्परांकडे दूध मागणे बंद केले आहे.

आणि मग मार्च महिना आला. आर्थिक वर्ष संपत आले म्हणजे कंपन्यांच्या दायित्वास जी भरती येते तिचा अनुभव सर्व संस्थांना आहे. एका कंपनीकडून निरोप आला : काही रक्कम शिल्लक आहे, ३१ तारखेच्या आत खर्च होऊन विनियोगाचा दाखला आला पाहिजे. आम्ही टेम्पोची दरपत्रके, तीनच्या तीन, मोठ्या लगबगीने पुढे केली. परंतु गाडीची नोंदणी, विमा, पिवळी पाटी हे सारे त्या मुदतीत बसेना. तेव्हा ती रक्कम ‘ई-कचरा जनजागृती अभियाना’कडे वळविण्यात आली. पांढरे सदरे आले, हिरव्या टोप्या आल्या, फलक आले, ढोलताशा आला. नागरिकांनी आपल्या घरातील निरुपयोगी उपकरणे सभास्थानी घेऊन यावीत असे आवाहन सर्वत्र करण्यात आले आणि, ज्याची कोणी कल्पनाही केली नव्हती ते घडले, नागरिकांनी ते मनावर घेतले. रिक्षांतून, दुचाकींच्या मागे दोरीने बांधून, एका काकूंनी तर भाजीच्या पिशवीत, सारा माळा खाली उतरून आला. मंचावर जनजागृतीची भाषणे चालू होती. मंचाखाली जागृत झालेली जनता प्रिंटर ठेवून निघून जात होती. ज्यांच्या संगणकावरचे विंडोज १० हे मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी वाऱ्यावर सोडले, असे उत्तम चालणारे संगणकही लोक ‘जुना झाला’ म्हणून आणीत होते, आणि त्यांवर लिनक्स घालून ते आणखी चार-पाच वर्षे सहज वापरता येतील हे ओळखून आमचे अभियंता हर्षाने वेडे होण्याच्या बेतात होते. सायंकाळी फलक उतरले, ढोलवाले गेले, कंपनीच्या ताईंनी छायाचित्रे घेतली, आणि त्या पटांगणात एका बाजूस आम्ही व दुसऱ्या बाजूस उपकरणांचा डोंगर उरला. कांद्याचा टेम्पो त्या दिवशी नाशिकला गेला होता. पटांगणाचे भाडे रात्री नऊपर्यंतचेच होते.

अशा वेळी जो इसम हातगाडी घेऊन फाटकातून आत आला तो आमच्या भागातील भंगारवाला. त्याने ढिगाकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि म्हणाला, ‘उचलू का, साहेब?’

या माणसाविषयी संस्थेचे अधिकृत मत आमच्या माहितीपत्रकाच्या तिसऱ्या पानावर ‘असंघटित क्षेत्रामुळे होणारी हानी’ या मथळ्याखाली छापलेले आहे, आणि ते त्याच्या हाती पडू नये म्हणून अध्यक्षांनी त्या दिवशीच्या प्रती घाईघाईने टोप्यांच्या खोक्यात सरकविल्या. वास्तविक या शहरात कचरावेचकांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन केली आणि पुढे त्यांचीच स्वच्छ ही सहकारी संस्था दारोदार कचरा उचलू लागली, तेव्हा हे क्षेत्र असंघटित म्हणण्याचा अधिकार, निदान आमच्याइतक्या विस्कळीत मंडळींना, राहिलेला नाही. त्या भंगारवाल्याने कोणतेही दरपत्रक दिले नाही, उद्दिष्टे विचारली नाहीत, बाहेर कधी पडणार हेही सांगितले नाही. चालू असलेले संगणक नीट न्यावयाचे आहेत, आपटावयाचे नाहीत, एवढे समजताच तो घरी जाऊन दोन जुन्या गाद्या घेऊन आला, त्या गाडीवर अंथरल्या, पडदे काचेकडून काचेला लावून उभे बांधले, आणि नऊच्या आत पटांगण मोकळे करून दिले. पोचल्यावर पाहिले तो एकही पडदा फुटलेला नव्हता. मोडकी यंत्रे मात्र, तांब्याच्या भावाने, त्याने घ्यावीत अशी त्याची अट होती. ती आम्ही मान्य केली नाही, कारण ती नोंदणीकृत पुनश्चक्रीकरण केंद्राकडे जावयास हवीत, आणि हे त्यास पटवून देण्याकरिता त्याला जो रोख मोबदला द्यावा लागला तो कोणत्या खाती खर्ची टाकावा हा प्रश्न लेखापरीक्षकांपुढे प्रलंबित आहे. ‘वाहतूक’ म्हणावे तर पावती नाही. ‘जनजागृती’ म्हणावे असे खजिनदारांचे मत पडते, आणि माझ्या मते त्या दिवशी झालेली खरी जनजागृती तेवढीच.

कोणी असे समजू नये की या एवढ्या प्रपंचानंतर आम्हांस देणगीदारांविषयी कटुता वाटते. मनुष्याला वस्तू देणे आवडते, कारण वस्तूवर नाव घालता येते; चालकाच्या पगारावर नाव घालता येत नाही, डिझेल तर नाव वाचून होण्याच्या आत जळून जाते. शाळेतील संगणकावर ‘कै.’ या अक्षरापुढे कोणाचे तरी नाव असते आणि असावे. परंतु तो संगणक सदाशिव पेठेतल्या माळ्यावरून भोरच्या वर्गात जो आला तो कोणाच्या खर्चाने आला, हे त्याच्यावर कोठेही लिहिलेले नसते.

सदरहू वाहनाची मागणी अद्याप कायम आहे. ज्या वाचकांच्या माळ्यावर संगणक असतील त्यांनी ते अवश्य द्यावेत, वायर आणि चार्जर त्यांच्यासोबतच द्यावेत, फुगलेली बॅटरी असेल तर ती निराळी काढून तसे आधी सांगावे, आणि ‘चालू आहे’ असे म्हणण्यापूर्वी एकदा बटण दाबून पाहावे. ज्यांची इच्छा वाहनासाठी अथवा त्याच्या डिझेलसाठी काही देण्याची असेल त्यांनी धनादेश संस्थेच्या नावे काढावा; रीतसर पावती मिळेल, आणि वाहन मिळाल्यास त्याच्या दोन्ही बाजू, पाठीमागील फळी व इंधनाच्या टाकीचे झाकण नावासाठी उपलब्ध आहेत. जुना टेम्पो कृपया पाठवू नये.